टोल्याचें बळ कोठून येतें?

हिवाळ्यांतील एका संध्याकाळीं आम्ही मैदानाच्या कडेस उभे राहून मुलांचा विटीदांडूचा डाव पाहत होतों. डावांत दोन मुलगे विशेष लक्षांत राहण्यासारखे होते. एक धुळ्याचा, अंगानें भरलेला, दंड चांगले पुष्ट. दुसरा गिरणाकांठच्या एका खेड्यांतला, सडपातळ, इतका कीं याच्या हातून दांडू तरी नीट फिरेल किंवा नाहीं अशी पाहणारास शंका यावी. परंतु विटी उडाली कीं त्या सडपातळ मुलाचा टोला पलीकडच्या निंबाच्या झाडापर्यंत जाई, आणि पुष्ट मुलाचा टोला अर्ध्या वाटेंतच खालीं येई. आम्हांस राहवलें नाहीं. त्या पुष्ट मुलास जवळ बोलावून आम्हीं सांगितलें, "बाळ, हातांत आणखी जोर आण." त्यानें आमचें ऐकलें. सगळें बळ खांद्यांत एकवटून त्यानें असा हिसका दिला कीं दुसऱ्या दिवशीं कंबर धरून तो घरींच बसला. पुढें सहा आठवडे त्यास खेळ वर्ज्य झाला आणि वार्षिक क्रीडास्पर्धाही त्यानें कडेला बसूनच पाहिल्या.

चूक त्या मुलाची नव्हती. चूक आमच्या उपदेशाची होती. टोल्याचें बळ हातांत असतें ही समजूत आम्हीं कधीं तपासून पाहिली नव्हती, आणि न तपासलेली समजूत आम्हीं एका विश्वासू विद्यार्थ्याच्या गळ्यांत बांधली. त्यानंतर या विषयासंबंधीं जें वाचलें, पाहिलें आणि स्वतः करून अनुभवलें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या पुढें ठेवणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

टोल्याचे खेळ अनेक आहेत. विटीदांडू, क्रिकेट, हॉकी हे आपल्या परिचयाचे. परंतु टोल्याचा अभ्यास करावयाचा असेल तर गोल्फ या खेळाचें उदाहरण घेणें अधिक सोयीचें. क्रिकेटमध्यें चेंडू धांवत येतो, विटीदांडूंत विटी हवेंत उडालेली असते. त्यामुळें नजर, समय आणि नशीब यांची सरमिसळ होते. गोल्फमध्यें चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो. त्यास कोणी फेंकीत नाहीं, कोणी अडवीत नाहीं. चुकला तर मारणाराच चुकला. म्हणून टोला कसा घडतो हें या खेळांत स्वच्छ दिसून येतें.

खानदेशांतील बहुतेक मुलांनीं हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. पण त्याचें नांव आपल्या शेजारच्या नाशिक शहरांत रोज घेतलें जातें. तेथील त्र्यंबक रस्त्यावरील प्रसिद्ध मैदानास आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असें नांव असलें, तरी लोक त्यास अद्याप गोल्फ क्लब मैदान असेंच म्हणतात. रणजी करंडकाचे क्रिकेट सामने तेथें झालेले आहेत. आपल्या देशांत हा खेळ पुष्कळ जुना आहे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला, आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणीं लहान खळगे केलेले असतात. प्रत्येक खळगा सुमारें १०८ मिलिमीटर रुंद. चेंडूचें वजन ४६ ग्रॅमहून कमी, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडें हलकें. निरनिराळ्या काठ्यांनीं टोले मारीत तो चेंडू कमींत कमी टोल्यांत एकामागून एक अठराही खळग्यांत घालावयाचा. विटीदांडूंत डाव गलीपासून सुरू होतो, गोल्फमध्यें तो खळग्यांत संपतो. एवढा भेद मनांत धरला म्हणजे हा खेळ आपल्या मुलांस परका वाटणार नाहीं. अठरा खळग्यांचा एक फेरा पुरा करण्यास सुमारें ८ ते १० किलोमीटर चालावें लागतें. धुळ्याहून लळिंगच्या किल्ल्यापर्यंत पायीं जावें, आणि वाटेंत सत्तर-ऐंशी वेळां थांबून मन एकाग्र करून टोला मारावा, असा हा प्रकार आहे. हा श्रीमंतांचा आरामाचा खेळ होय असें जे म्हणतात, त्यांनीं एकदां एवढें चालून पाहावें.

आतां टोल्याकडे वळूं. काठी मागें उचलल्यानंतर ती खालीं येऊन चेंडूस लागेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपासच वेळ जातो. काठीचा आणि चेंडूचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच असतो. उत्तम पुरुष खेळाडूंच्या काठीचें टोंक त्या क्षणीं ताशीं १८० किलोमीटरच्या आसपास वेगानें फिरत असतें. एवढा वेग एकट्या हातांत कोठून येणार? शास्त्रज्ञांनीं शीघ्रगति चित्रणानें या टोल्याची फोड केली, तेव्हां त्यांस एक ठराविक क्रम आढळला. प्रथम पाय जमिनीस रेटा देतात. मग खुबे वळतात. त्यांच्या मागून छाती वळते. तिच्या मागून हात येतात. सर्वांच्या शेवटीं काठी येते. प्रत्येक अवयव आपली गति पुढच्यास देऊन स्वतः मंद होतो, आणि ज्यास ती मिळते तो आधींच्याहून अधिक वेगानें फिरतो.

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांस नवी नाहीं. बैल हांकणाराच्या हातांतील आसूड पाहा. मूठ थोडीशीच हलते, पण वादीचें टोंक इतक्या वेगानें फिरतें कीं त्याचा कडकडाट होतो. त्या क्षणीं तें टोंक ध्वनीच्या वेगासही मागें टाकतें. ज्वारीच्या राखणीस माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा मुलगा पाहा. तो पाय रोवतो, कंबर वळवितो, आणि हात सर्वांच्या शेवटीं मोकळा सोडतो. त्यानें केवळ मनगटाच्या बळावर धोंडा फेंकावयाचें ठरविलें, तर शेतांतलीं पाखरें निर्भयपणें कणसें खात बसतील. गिरणाकांठच्या त्या सडपातळ मुलाच्या टोल्याचें रहस्य हेंच होतें. पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं तो रोज विहिरीचें पाणी शेंदतो आणि सुगीच्या दिवसांत राखणीस जातो. त्याचे पाय, खुबे आणि पाठ एकमेकांशीं बोलावयास शिकलेलीं होतीं. धुळ्याच्या मुलाचे दंड पुष्ट होते, पण ते एकटे होते.

त्याची कंबर कां धरली याचेंही कारण यांतच सांपडतें. आपल्या पाठीच्या कण्यांत कमरेच्या भागीं जे पांच मणके आहेत, त्यांची रचना वांकण्यास अनुकूल आहे, पण वळण्यास त्यांना मुभा फार थोडी. वळण्याचें काम मुख्यतः खुब्यांचें आणि छातीमागील कण्याचें. तासन् तास बाकावर किंवा खुर्चीवर बसून खुबे आंखडले, पोक काढून वाचल्यानें छातीमागील कणा ताठरला, म्हणजे तें काम मधल्या बिचाऱ्या कमरेवर येऊन पडतें. शेजाऱ्यांच्या आळसाची शिक्षा तिला भोगावी लागते. गोल्फ खेळणारांत सर्वाधिक आढळणारी दुखापत कमरेचीच असते, मग तो हौशी खेळाडू असो वा व्यवसायी.

एके काळीं असा समज होता कीं गोल्फ खेळणारानें व्यायाम करूं नये. केल्यास स्नायु जड होतात आणि टोल्यांतील लवचिकपणा जातो. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेयर यानें तो समज खोटा पाडला. हा गृहस्थ उंचीनें बेताचाच. आपल्याहून उंच आणि धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशीं गांठ घालावयाची तर शरीर कमविलें पाहिजे हें ओळखून त्यानें वजनें उचलण्याचा आणि धांवण्याचा नियम धरला. लोक हंसले. पण १९६५ सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून जगांतील चारही प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत तो जाऊन बसला, आणि अशा प्रमुख स्पर्धांतील त्याचे एकूण विजय नऊ झाले. पुढें टायगर वुड्स यानें १९९७ सालीं ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा बारा टोल्यांच्या फरकानें जिंकली, आणि त्याच्या काळांत व्यायामशाळा ही गोल्फ खेळणाराच्या दिनक्रमांतील नित्याची गोष्ट होऊन गेली.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या बेन होगन याचें. १९४९ सालच्या फेब्रुवारींत त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. ओटीपोटाचीं हाडें, गळ्याचें हाड आणि घोटा मोडला. रक्ताच्या गांठी होऊन जीव धोक्यांत आला. हा पुन्हां खेळेल अशी आशा थोड्यांनींच धरली होती. त्यानें काठी हातांत घेण्यापूर्वीं चालणें हातीं घेतलें. आधीं खोलींत, मग घराभोंवतीं, मग रस्त्यावर, असें अंतर वाढवीत नेलें. अपघातानंतर सोळा महिन्यांनीं, जून १९५० मध्यें, पायांस पट्ट्या गुंडाळून तो अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत उतरला, एका दिवसांत छत्तीस खळगे खेळला, आणि दुसऱ्या दिवशीं आणखी अठरा खेळून विजयी झाला. त्याच्या विजयाचा पाया चालण्यानें घातला गेला, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरें उदाहरण आपल्या देशांतील, आणि मुलींनीं विशेषेंकरून वाचण्यासारखें. बंगळूरची अदिति अशोक ही २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेंत चौथी आली. पदक अवघ्या एका टोल्यानें हुकलें. त्याच्या थोडे आधीं ती कोरोनाच्या आजारांतून उठली होती आणि टोल्यांतील जोर कमी झाला होता. लांब टोला हें तिचें बळ नव्हतें. खळग्याजवळचें अचूक काम हें तिचें बळ होतें. चारही दिवस तिचें मन आणि तिचे पाय स्थिर राहिले. तिच्या काठ्यांची पिशवी वाहावयास तिची आईच बरोबर चालत होती. मुलीच्या खेळास घरच्यांचा आधार मिळाला म्हणजे काय घडतें, याचें हें चित्र आमच्या पालकवर्गानें मनांत जपून ठेवावें. त्याच स्पर्धेंत पुरुषांच्या गोल्फमध्यें आपल्या देशातर्फे जे दोघे खेळले, त्यांत पुण्याचे उदयन माने हे होते, हेंही येथें नमूद करणें योग्य होईल.

आतां कोणी म्हणेल, ही परदेशची व्यायामशाळा आम्ही कोठून आणावी? आमचें उत्तर असें कीं ती आणण्याचें कारण नाहीं. टोल्यास लागणारें वळणाचें बळ देणारें एक उत्तम साधन आपल्या तालमींत पिढ्यान् पिढ्या आहे. तें म्हणजे मुद्गल. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं हिंदुस्थानांत मुद्गलांच्या जोड्या फिरविणारे मल्ल पाहिले आणि तो व्यायाम आपल्या देशीं नेला. १८३४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालेल्या डोनाल्ड वॉकर याच्या व्यायामविषयक पुस्तकांत त्याचा समावेश आहे. तेथून तो अमेरिकेंत गेला, आणि १९०४ व १९३२ सालच्या ऑलिंपिक स्पर्धांत मुद्गल फिरविण्याची स्वतंत्र चढाओढही झाली. आपली वस्तु जग हिंडून आली, आणि आपल्याच तालमींच्या कोपऱ्यांत मात्र ती धूळ खात राहावी, हें बरें नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबास नवें जीवन दिलें. १९१४ सालीं अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं त्याच्या पथकानें देशी खेळ व व्यायाम करून दाखविले. अशी परंपरा ज्यांच्या पाठीशीं आहे, त्यांनीं साधनांच्या अभावाची सबब सांगूं नये.

पुढें जो क्रम देत आहों तो कोणत्याही टोल्याच्या खेळास उपयोगी आहे. पैसा लागत नाहीं. रोज अर्धा तास आणि बारा-पंधरा हात मोकळी जागा पुरे.

१. चालणें. प्रथम दहा मिनिटें झपझप चालून अंग गरम करावें. थंड शरीरास एकदम वळविणें हें थंड कांचेवर उकळतें पाणी ओतण्यासारखें आहे.

२. बैठका. पाय खांद्याइतके अंतरावर ठेवून, पाठ सरळ राखून, सावकाश बसावें व उठावें. नवशिक्यानें टाचा टेंकलेल्याच ठेवाव्या. आरंभीं दहा-दहाच्या दोन फेऱ्या. दर आठवड्यास दोन-तीन वाढवाव्या. जमिनीस रेटा देण्याचें बळ येथून येतें.

३. जोर. छाती, खांदे आणि पोट यांना एकत्र काम करावयास लावणारा हा व्यायाम. ज्यांस पूर्ण जोर जमत नाहींत त्यांनीं गुडघे टेंकून करावे. पांच निर्दोष जोर हे वीस वांकड्यातिकड्या जोरांहून श्रेष्ठ.

४. तोल. एका पायावर अर्धें मिनिट उभें राहावें, मग दुसऱ्यावर. हें साधलें म्हणजे डोळे मिटून करावें. डोळे मिटतांच शरीर किती डळमळतें हें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. टोल्याच्या वेळीं सर्व भार एका पायावरून दुसऱ्यावर जात असतो, म्हणून याचें महत्त्व.

५. वळण. एक काठी मानेमागें दोन्ही खांद्यांवर आडवी धरावी, गुडघे किंचित् सैल सोडावे, आणि छाती हळूहळू उजवीकडे व डावीकडे वळवावी. झटका मुळींच देऊं नये. दोन्ही बाजूंस दहा-दहा वेळां. याच्या जोडीस रोज कांहीं वेळ उकिडवें बसावें. त्यानें खुबे मोकळे राहतात.

६. मुद्गल. मुलांनीं एक ते दोन किलोहून जड मुद्गल घेऊं नये. पाठ ताठ ठेवून, मुद्गल डोक्यामागून फिरवून पुढें आणावा. पाय स्थिर, मूठ घट्ट, मनगट सैल. टोल्याचे खेळ एकांगी असतात. उजवा मुलगा हजारों वेळां एकाच बाजूस वळतो. म्हणून मुद्गल दोन्ही हातांनीं सारखाच फिरवावा, आणि कांहीं टोले नुसते हवेंत उलट्या बाजूनेंही मारावे. त्यानें पाठीचा समतोल राखला जातो.

७. पकड. ओलें धोतर किंवा जाड पंचा दोन्ही हातांनीं पिळणें हा मनगटाचा उत्तम व्यायाम, आणि त्यांत आईचें कामही होतें. मल्लखांब ज्यांस उपलब्ध असेल त्यांनीं तो शिक्षकाच्या देखरेखीखालीं अवश्य करावा.

आठवड्यांतून एक दिवस विश्रांति घ्यावी. व्यायामानंतर स्नायु थोडे जडावणें स्वाभाविक आहे. परंतु सांध्यांत किंवा कमरेंत तीव्र कळ आली, पायांत मुंग्या आल्या, तर तें शरीराचें निषेधपत्र समजून तत्काळ थांबावें आणि वैद्यास दाखवावें. दुखणें लपवून खेळणें हें शौर्य नव्हे.

आपल्या खानदेशच्या हवेचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा कधीं कधीं ४५ अंशांच्याही वर जातो. त्या दिवसांत व्यायाम सूर्य वर येण्याच्या आधींच उरकावा. तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, भोंवळ आली, तर सावलींत जाऊन अंग ओल्या फडक्यानें पुसावें व वडील मंडळींस ताबडतोब कळवावें. आहारासाठीं महागड्या डब्यांच्या मागें लागण्याची जरुरी नाहीं. कळण्याची भाकरी, डाळ, ताक, शेंगदाणे, हिरवी भाजी, आणि आपल्याच शेतांतलीं केळीं, एवढें पोटभर व वेळेवर मिळालें, आणि आठ-नऊ तास झोंप झाली, तर वाढत्या अंगास पुरेसें बळ मिळतें.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मुलगा खेळावयास निघाला म्हणजे "अभ्यास बुडतो" असें आपण म्हणतां. पण दिवसभर बाकावर वांकून बसणाऱ्या मुलाची पाठ आंतून कशी झिजते हें कोणी पाहत नाहीं. पुस्तकाचा भार वाहणारें शरीर आधीं बळकट हवें. आणि मुलगा खेळतोच आहे, मग त्यास निराळा व्यायाम कशास, असेंही समजूं नये. खेळ शरीराचें बळ खर्च करतो. तें आधीं सांठविलेलें असलें पाहिजे. शिल्लक नसतांना खर्च करणाराची जी गति होते, ती खेळांतही चुकत नाहीं. मुलींसही हा क्रम तंतोतंत लागू आहे. त्यांच्यासाठीं निराळा, सौम्य असा धडा आम्हीं लिहिलेला नाहीं, कारण त्याची जरुरी नाहीं.

धुळ्याच्या त्या मुलाची हकीगत पुरी करून हा लेख संपवितों. वैद्याच्या परवानगीनें त्यानें प्रथम चालण्यास आरंभ केला. मग बैठका, मग वळण, आणि शेवटीं मुद्गल. शिकविणारा कोण होता म्हणाल, तर तोच गिरणाकांठचा मुलगा. आम्ही बाजूस उभे राहून मोजण्याचें काम करीत होतों. पावसाळा संपून मैदान वाळलें तेव्हां त्यानें पुन्हां दांडू हातांत घेतला. आम्हीं या खेपेस कांहींच सांगितलें नाहीं. त्यानें पाय रोवले, कंबर वळविली, हात मोकळा सोडला. विटी निंबाच्या झाडाच्या दहा पावलें अलीकडे पडली. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, हातांत जोर आणलाच नाहीं." आम्हीं मान डोलाविली. त्याच्या त्या वाक्यांत आमच्या या सर्व लेखाचें सार आलेलें आहे.